पॅक फोडू नका, आधी डेक ठरवा

या वेळेस कार्ड गेमवर इतके प्रश्न आले की पूर्ण पान त्यालाच दिलंय. पोकेमॉन जास्त, मॅजिक थोडे. दोन्ही कार्डांचेच खेळ, आणि डेक म्हणजे खेळायला लावलेली आपली कार्डांची गड्डी. प्रश्न लातूर, परभणी, नांदेड, अंबाजोगाई, जालना असे सगळीकडून आलेत आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पैसे बेताचे आहेत पण समोरच्याला टक्कर द्यायचीय. मी स्वतः संभाजीनगरात सिडकोतल्या गच्चीवर गोधडी टाकून खेळत शिकलो, त्यामुळं हा विषय माझ्या लई जवळचा आहे.

प्रश्न: दादा, मी लातूरचा, बीएस्सी पहिल्या वर्षाला हाय. मित्राकडून पोकेमॉन शिकलो. दोन महिन्यांनी पुण्यात एका दुकानात स्पर्धा हाय, तिथं जायचंय. खर्चाचे वाचवून 2000 रुपये जमलेत. पोरं म्हणायलेत बूस्टर पॅक (आत कोणती कार्डं हायेत ते आधी कळत नाही असं बंद पाकीट) घे, नशीब असलं तर भारी कार्ड निघतंय. एवढ्यात डेक होईल का?

होईल. पण पॅक घेतलेस तर नाही होणार, हे आधी डोक्यात पक्कं कर.

कामून म्हणतो ते ऐक. डेक साठ कार्डांचा, आणि बेसिक एनर्जी (हल्ल्याला ताकद देणारी साधी कार्डं) सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं. चांगल्या डेकमध्ये महत्त्वाच्या कार्डांच्या तीन-तीन चार-चार प्रती असतात. पॅकमधून काय निघंल ते तुझ्या हातात नाही, आणि तेच कार्ड चारदा निघणं तर विसरूनच जा. मी पहिल्या वर्षी पगारातून दर महिन्याला पॅक फोडत गेलो, बुटाचा खोका भरला, आणि एक दिवस सगळं गोधडीवर ओतून डेक लावायला बसलो तर स्टेज टू (पोकेमॉनचं तिसरं, वाढलेलं रूप) हाय पण त्याचं स्टेज वन (मधलं रूप) नाही, अल्ट्रा बॉल एकच, आणि फायरचे पोकेमॉन दोन तर वॉटरचे वीस. त्या रात्री लई वाईट वाटलं होतं, कारण तेवढ्या पैशात दोन डेक उभे राहिले असते. तुझ्यासारख्या पोराच्या 2000 चं तसं होऊ नये म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

म्हणून सिंगल घ्यायचे, म्हणजे सुटं कार्ड, जे पाहिजे तेवढंच. मुंबई-पुण्याचे विक्रेते कुरिअरनं पाठवतात. वेगवेगळ्या पाच जणांकडून मागवशील तर कुरिअरमध्येच पैसे जातील, तवा पूर्ण यादी करून एकाच जागी जेवढं मिळंल तेवढं घे. आणि एकाच कार्डाच्या दोन-तीन छपाया असतात, एक साधी, एक चकचकीत, एक पूर्ण चित्राची. खेळात तिन्ही सारख्या, मजकूर तोच, डॅमेज तोच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तू साधी घे.

आता डेक कोणता. इथं तुला एक हिशोब सांगतो, तो समजला की अर्धं काम झालं. प्राइझ कार्डं सहा, डावाच्या सुरुवातीला आपल्याच डेकमधली बाजूला उलटी ठेवलेली. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं उचलायचं, ज्याची सहाही आधी उचलून होतील तो जिंकतो. साधा पोकेमॉन पाडला की एक प्राइझ, एक्स (नावापुढं ex असलेला ताकदवान पोकेमॉन) पाडला की दोन, आणि 2025 पासून आलेले मेगा एक्स पाडले की तीन. म्हणजे तुझा डेक साध्या, एका प्राइझच्या पोकेमॉनचा असला तर समोरच्याला तुझे सहा पाडावे लागतात, आणि तुला त्याचे एक्स तीनच, मेगा असले तर दोनच. तुझा एक पोकेमॉन त्याच्या एका फटक्यात जातो हे खरं, पण त्याचा मोठा पाडायला तू दोन वार घेतलेस तरी तू मागं पडत नाहीस. एका प्राइझचे हल्लेखोर बहुतेक कॉमन-अनकॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या कार्डांमध्येच असतात, म्हणून कमी पैशात सगळ्यात आधी तिकडं बघायचं. दरवेळेस असा डेक जोरात असेलच असं नाही, कधी मेटा (त्या वेळेस स्पर्धांत जास्त चालणारे डेक) त्याच्या विरोधात जातो, पण शिकायला यासारखं दुसरं काही नाही, कारण प्रत्येक टर्नला पुढचा हल्लेखोर तयार ठेवावा लागतो आणि तीच सवय पुढं मोठ्या डेकमध्ये कामाला येते.

पैसे कुठं घालायचे तर ट्रेनर कार्डांवर, म्हणजे पोकेमॉन आणि एनर्जी सोडून बाकीच्या मदतीच्या कार्डांवर. नवीन पोरं सगळे पैसे एका मोठ्या पोकेमॉनवर घालतात आणि मग तो पोकेमॉन डेकच्या तळाशी झोपून राहतो. अल्ट्रा बॉल (हातातली दोन कार्डं टाकून कोणताही पोकेमॉन शोधता येतो), बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा मागं लपवलेला पोकेमॉन पुढं ओढायला), बेसिकवरून (पोकेमॉनचं पहिलं रूप) थेट स्टेज टू करायला रेअर कँडी, आणि कार्ड ओढून देणारे सपोर्टर, ही खरी गाडी ओढणारी बैलं आहेत. सपोर्टर एका टर्नला एकच खेळता येतो, म्हणून तो हातात असणं फार गरजेचं. आणि ही कार्डं पुढच्या डेकलाही चालतात, पोकेमॉन बदलले तरी ट्रेनर तेच, म्हणजे हा पैसा बुडत नाही.

चार प्रती का म्हणतो तेही बघ. साठात चार असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता साधारण 40 टक्के. एकच ठेवलंस तर 12 टक्क्यांच्या आत. वर सहा कार्डं प्राइझमध्ये जातात, म्हणजे तुझं ते एकुलतं एक कार्ड दहात एकदा तिथंच अडकणार. पैसे वाचवायला लोक चारच्या जागी एक ठेवतात आणि मग म्हणतात नशीब खराब. नशिबाचा काय संबंध? चार घेणं जमत नसलं तर ते कार्डच नको, ज्याची चार घेता येतील असं दुसरं बघ. बेसिक पोकेमॉनचंही तसंच. डेकमध्ये आठच बेसिक असले तर जवळपास तीनात एकदा पहिल्या हातात एकही येत नाही, हात परत मिसळावा लागतो आणि समोरच्याला जादा कार्ड ओढायला मिळतं. बारा ठेवलेस तर हेच पाचात एकदा होतं.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी कर. फोनवर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह नावाचं अ‍ॅप फुकट आहे, सुरुवातीलाच काही तयार डेक मिळतात, खेळत गेलं की नवीन कार्डं बनवायला क्रेडिट मिळतात आणि त्यात पैसे भरायची सोयच नाही. तोच डेक तिथं बनवून खेळ. दुसरं म्हणजे वहीच्या कागदावर कार्डाचं नाव आणि मजकूर पेन्सिलीनं लिहून जुन्या कार्डावर स्लीव्हमध्ये (कार्डाचं प्लास्टिकचं कव्हर) सरकव, आणि नुसते सात-सात कार्डांचे हात वाटून बघ. मी पन्नास हात वाटतो आणि वहीत खूण करतो, चालला किंवा अडकला. पन्नासात पंधराच्या वर अडकले तर यादी बदलतो. या कामाला संध्याकाळ जाते पण रुपया जात नाही. फक्त असं कागदी कार्ड, म्हणजे प्रॉक्सी, स्पर्धेत चालत नाही, तिथं खरंच कार्ड लागतं.

अजून तीन गोष्टी, घाईघाईत सांगतो. कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर असतं, स्टँडर्डमध्ये (स्पर्धेचा नेहमीचा प्रकार) कोणती अक्षरं चालतात ते दरवर्षी बदलतं, साधारण एप्रिलच्या आसपास सगळ्यात जुनं अक्षर बाहेर जातं, तवा फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त मिळालं म्हणून त्या अक्षराची कार्डं भरून ठेवू नको. पण तेच कार्ड नव्या अक्षरानं परत छापलं असलं तर तुझ्याकडची जुनी छपाईसुद्धा चालते, म्हणून मित्राच्या जुन्या खोक्यातले अल्ट्रा बॉल मागून घे. आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप डेक म्हणून जो पूर्ण तयार डेक विकतात तो सरावाला एक नंबर, पण त्याची मागची बाजू वेगळी असते, स्पर्धेत चालत नाही. माझ्या ओळखीचं एक पोरगं तो घेऊन थेट स्पर्धेला गेलं होतं, पार हिरमुसून परत आलं.

2000 मधले 1500 कार्डांना, थोडे चांगल्या स्लीव्हना, बाकी कुरिअरला. प्रवासाचे वेगळे काढ.

प्रश्न: नमस्कार. मी परभणीहून लिहिते. माझं लेकरू सातवीत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज पोकेमॉनची पाकिटं आणतं, सगळी सोनेरी कार्डं निघतात. आता शाळेतल्या एका मुलानं त्याला खोटी म्हणून चिडवलं, दोन दिवस नीट जेवला नाही. खरं-खोटं कसं ओळखायचं?

ताई, ज्या पाकिटातून सगळीच कार्डं सोनेरी निघतात ते खोटंच असतं, त्यात तपासायला काही उरत नाही. बाकी कार्डांसाठी एक खरं कार्ड शेजारी ठेवून मागची बाजू बघा. खऱ्याचा निळा रंग गडद आणि स्वच्छ असतो, खोट्याचा फिका किंवा जांभळट. अक्षरांची जाडी वेगळी दिसते, पोकेमॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ई वर जी छोटी तिरकी रेघ पाहिजे ती कधी कधी गायब असते. कार्डाच्या मागं मोबाईलची बॅटरी लावा. खऱ्या कार्डाच्या आत काळा थर असतो म्हणून उजेड कमी येतो, खोटं कार्ड पार उजळून निघतं.

पण त्याची कार्डं फेकू नका, हात जोडून सांगतो. त्यानं ती आवडीनं जमवलीत आणि घरात खेळायला ती चालतात. रोजच्या पाकिटाचे पैसे दोन महिने एका डब्यात टाकायला सांगा आणि त्यातून खऱ्या कंपनीचा तयार बॅटल डेक आणून द्या, साठच्या साठ कार्डं त्यात असतात, उघडलं की खेळता येतं. लीग बॅटल डेक म्हणून थोडा महाग प्रकार आहे, त्यात स्पर्धेत लागणारे ट्रेनर बऱ्यापैकी असतात, तो जमला तर उत्तम. आणि जमलं तर त्याच्यासोबत एक डाव तुम्हीही खेळा. नियम तो शिकवील, त्याला लई बरं वाटंल.

प्रश्न: नांदेडला हॉस्टेलवर आम्ही चौघं मॅजिक खेळायलो. एकाकडं महागाचा डेक हाय, तोच दरवेळेस जिंकतो. आमच्यात वाद व्हायलेत. काय करावं?

पॉपर खेळा. या प्रकारात फक्त तीच कार्डं चालतात जी कधी ना कधी कॉमन म्हणून छापली गेलीत, 2019 पासून याला कंपनीनं अधिकृत मान्यता दिलेली आहे, बंदी घातलेल्या कार्डांची यादीसुद्धा आहे. साठ कार्डं, एका नावाची चार, वर पंधरा साइडबोर्ड (दोन डावांच्या मधे बदलायला ठेवलेली जादा कार्डं). मॅजिकमध्ये पैसा खातात त्या दोन-तीन रंगांच्या जमिनी (माना, म्हणजे कार्ड खेळायची ताकद, देणारी कार्डं), म्हणून एकाच रंगाचा डेक करा. लाल घेतला की नुसते माउंटन (लाल माना देणारी साधी जमीन) लागतात आणि ते कुणीही फुकट देतं. लाइटनिंग बोल्ट एका लाल मानात तीन डॅमेज, लाव्हा स्पाइक एका मानात तीन पण तो फक्त खेळाडूवर, आणि शेवटी फायरब्लास्ट, दोन माउंटनचा बळी देऊन चार डॅमेज, मानाची गरजच नाही. समोरच्याचं लाइफ 20, म्हणजे तीन-तीनचे सातच फटके. दिसायला हा डेक साधा वाटतो, पण बोल्ट प्राण्यावर टाकायचा की थेट माणसावर हे ठरवता ठरवता घाम फुटतो. त्या महागड्या डेकवाल्या मित्रालाही पॉपर बनवायला सांगा, तोडून बोलू नका, तो पण तुमच्यासारखाच खेळाच्या नादानं आलाय.

प्रश्न: आम्ही अंबाजोगाईचे तीन मित्र. इथं दुकान नाही, स्पर्धा नाही, तिघांचे मिळून पैसे पण जेमतेम. पोकेमॉनचे तीन डेक कसे करावेत?

तुमच्या आजोबांना विचारा, सावड म्हणजे काय. एकाकडं एक बैल, दुसऱ्याकडं एक, दोघं मिळून दोघांचं रान नांगरायचं. कार्डांची तशीच सावड करा. तिघांनी वेगवेगळ्या प्रकारचा डेक घ्यायचा, पोकेमॉन आपापले, आणि महागातले ट्रेनर तिघांत मिळून एकच संच. दोघं खेळत असले की एक जण खऱ्या कार्डांनी, दुसरा कागदी प्रॉक्सीनं, पुढच्या डावाला उलट. तिसऱ्यानं बसून चुका लिहायच्या, हे काम हलकं समजू नका, बाजूला बसलेल्याला जे दिसतं ते खेळणाऱ्याला दिसत नाही. कोणी स्पर्धेला निघालं की पूर्ण संच त्याच्यासोबत जाणार. वहीत कोणाचं कोणतं कार्ड ते लिहून ठेवा, मैत्रीत लिहायला लाजू नका, न लिहिल्यानंच भांडणं होतात. तिघं एकाच दिवशी जायचं ठरलं तर मात्र आधी दोन-तीन महिने पैसे बाजूला टाकून संच वाढवावा लागंल, त्याला दुसरा मार्ग नाही.

प्रश्न: जालना. उन्हाळ्यात माझी फॉइल कार्डं वाकडी व्हायलीत. उपाय?

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात कागद आकसतो, वरचा चकचकीत थर आकसत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखं होतं. आतली घट्ट स्लीव्ह आणि वरून दुसरी, अशा दोन स्लीव्ह घाला, डेक पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि वाकलेली कार्डं जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबून ठेवा. हे नुसतं दिसण्यापुरतं नाही, गड्डीत वाकडं कार्ड वरूनच ओळखू येत असलं तर स्पर्धेत ते खूण केलेलं कार्ड धरतात आणि दंड लागतो. डेकमध्ये दोन-चारच फॉइल असतील तर त्यांच्या जागी साधी छपाई घाला, फॉइल विकून तिच्या पैशात साध्या चार येतील.