खो मिळाला तरी पोरगा बसलेलाच!

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. शाळेत खो-खो खेळतो. पळतो चांगला, पण खो मिळाल्यावर उठेपर्यंत समोरचा पसार. घरी काय करून घेऊ? आता त्याला खांबावर सूर मारायचाय!
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, त्याचे पाय सोडा, आधी बैठक बघा. तिसरी-चौथीतली बहुतेक पोरं पाटीवर, म्हणजे मैदानात बसायच्या जागी, चक्क पंगतीला बसल्यासारखी बसतात. बूड टेकलं की उठायला वेळ लागणारच. टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, एक पाऊल किंचित पुढे, बोटांची टोकं जमिनीला टेकलेली, असं बसवा. सुरुवातीला मांड्या भरून येतील. मग थोडा वेळच बसवा.

मग अंगणात डावी-उजवीकडे एकेक बादली ठेवा. तुम्ही मागून पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, धाकट्या भावंडाने समोरून कुठल्याही एका बादलीकडे पळायचं. ह्याने त्याच्यामागे सुटायचं. एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय उलटं फिरता येत नाही, म्हणून पहिलं पाऊल चुकलं की गडी निसटलाच. नजर बसल्यापासूनच पळणाऱ्यावर हवी. पोरं नेमकी आपल्याच पायांकडे बघत बसतात.

सुराचं म्हणाल, तर २०२५ चा दिल्लीतला विश्वचषक पाहिल्यापासून माझ्याकडेही सगळ्यांना तेच हवंय. ते खेळाडू मॅटवर खेळत होते, आपल्याकडे मुरूम. तूर्त पळत येऊन एका हाताने खांब धरून वळायला शिकू दे. सूर सरांसमोरच, तोही भुसभुशीत मातीत.