सगळं बंद पडलेलं असताना प्रोग्रॅमर लोक हसतात कशाला?

प्रश्न असा आहे: ‘इंटरनेट ठप्प झालं, एआय नोकऱ्या खाणार, अमक्या कंपनीने हजारो माणसं काढली, असं काही आलं की आम्ही घाबरतो आणि प्रोग्रॅमर मंडळी खवचट विनोद करत बसतात. हा माज आहे का? तुम्हाला भीती वाटत नाही का?’

माज थोडा असतोच, नाही कशाला म्हणू? पण हसू येतं ते मुख्यतः मापातल्या तफावतीमुळे. बातमी डोंगराएवढी असते आणि तिच्या मुळाशी सापडतं ते आम्ही रोज लिहितो तसलंच काहीतरी चिरकूट. तुम्ही मथळा वाचून थांबता. आम्ही वाट बघतो ती कंपनी नंतर जो अहवाल काढते त्याची. नेमकं काय फुटलं, कुणाच्या कुठल्या बदलामुळे फुटलं, हे त्यात लिहिलेलं असतं.

१८ नोव्हेंबर २०२५ चं घ्या. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते. क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य साइट्सच्या पुढे उभं राहून त्यांची रहदारी आणि सुरक्षा सांभाळणारी कंपनी, आडवं झालं आणि त्याच्या मागे उभी असलेली निम्मी दुनिया आडवी झाली. एक्स बंद, चॅटजीपीटी बंद. एखादी साइट बंद आहे की आपलंच नेट गेलंय हे बघायला लोक ज्या डाउनडिटेक्टरवर जातात, तेही अडकलं. मी बेळगावात टिळकवाडीत घरून काम करतो. आमचा कॉलेजचा एक ग्रुप आहे, बेळगावातच इंजिनीअरिंग केलेली पोरं, निम्मी मराठी, निम्मी कन्नड, आता कुणी पुण्यात तर कुणी बेंगळुरूत. तिथे पहिला मेसेज आला, ‘चला, चहा.’ दुसरा, ‘कुणी काय डिप्लॉय केलं रे?’ म्हणजे नवा कोड चालू सर्व्हरवर कुणी चढवला.

खुद्द कंपनीला आधी वाटलं की कुणीतरी मोठा हल्ला केलाय. अहवाल आला त्याच दिवशी, आणि तो वाचून मी अक्षरशः टेबलावर डोकं टेकवलं. खरी माणसं कोण आणि बॉट कोण हे ओळखण्यासाठी त्यांच्याकडे एक फाइल असते, ती दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होते. ती तयार करणाऱ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या कोडात, टेबलाचं नाव दिलेलं होतं, डेटाबेसचं नव्हतं. तोवर चालून जात होतं, कारण क्वेरी चालवणाऱ्या खात्याला एकच डेटाबेस दिसत होता. त्या दिवशी परवानग्या बदलल्या, त्याला आतला दुसराही दिसायला लागला, आणि त्याच त्या ओळी पुन्हा यायला लागल्या. फाइल फुगून दुप्पट झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा होती २०० नोंदींची. मर्यादा ओलांडली तर काय करायचं याचा विचार कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो जागीच कोसळला.

गंमत पुढे आहे. परवानग्यांचा बदल सगळ्या सर्व्हरांवर एकदम गेला नव्हता, हळूहळू जात होता. त्यामुळे दर पाच मिनिटांनी निघणारी फाइल एकदा चांगली, एकदा खराब. सगळं सुरू व्हायचं, पुन्हा झोपायचं. असं उघडझाप व्हायला लागल्यावर हल्ल्याचा संशय पक्काच होणार ना! आणि निघाली कोण, तर घरचीच क्वेरी. आपलेच दात, आपलेच ओठ.

ज्याने आयुष्यात एकदा तरी ‘एका ओळीच्या दोन ओळी का दिसतायत’ यावर दुपार घालवलीय, त्याला हे वाचून हसू येणारच. त्या हसण्यात त्या बिचाऱ्या इंजिनीअरबद्दल कणवही असते. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तसंच लिहिलं असतं, हे ठाऊक असतं.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक अपडेट सोडून जगभर निळे स्क्रीन दाखवले, तोही याच जातीचा प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ८५ लाख विंडोज मशिनं बसली. विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोने हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. कारण काय, तर एका ठिकाणी २१ रकाने धरलेले आणि प्रत्यक्षात माहिती पुरवणारा कोड २० च देत होता. एकविसावा वाचायला गेलं आणि पडलं. बरं, दुरुस्ती लांबून करता येईना. एकेका मशीनपुढे बसून सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल उडवायची.

त्यात तो वार शुक्रवार. बाहेरच्याला यात काय विशेष वाटणार? पण आमच्याकडच्या पोरांना विचारा. पुण्याहून शुक्रवारी रात्री बेळगावची बस असते, आणि दुपारी चारला कुणी ‘छोटासाच बदल आहे, आजच टाकूया’ म्हणालं की पोटात गोळा येतो. आमच्यातला एक जण एकदा बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन दुरुस्ती करत होता. निप्पाणीपर्यंत सगळं ठीक चाललं, तवंदी घाटात नेटवर्क गेलं. पलीकडे मॅनेजर ‘हॅलो, हॅलो’ करतोय आणि इकडे शेजारचे आजोबा विचारतायत, ‘काय बाळा, पिक्चर अडकला काय?’ ज्याने हे भोगलंय त्याला शुक्रवारच्या अपडेटवरचा प्रत्येक विनोद वैयक्तिक वाटतो.

सगळ्याच बातम्यांवर हसत नाही आम्ही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर जवळपास सगळीकडे असणाऱ्या एका साध्या कॉम्प्रेशनच्या साधनात चोरवाट सापडली. हे साधन वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात, फुकट सांभाळत होता. तो थकला होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत केली, विश्वास मिळवला आणि मग आत हात घातला. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनीअरने, आणि तेही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. अर्धा सेकंद! आपल्याकडे लॉगिनला अर्धं मिनिट लागलं तर माणूस कांदाभजी आणायला जातो. विनोद झाले ते एवढेच. कामापुरता मामा करून सगळ्या जगाने एका माणसाच्या डोक्यावर ओझं ठेवलं होतं, त्यावर कुणाला काही सुचलं नाही.

आता एआय. तुमच्या प्रश्नाचा खरा रोख तिकडेच दिसतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हा शब्द बाजारात सोडला. म्हणजे कोड आहे हेच विसरायचं, एआय देईल ते घ्यायचं आणि पुढे जायचं. लगेच जुलैत बातमी आली की रेप्लिट या ॲप बनवून देणाऱ्या सेवेच्या एआय एजंटने, काही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, एका माणसाचा चालू डेटाबेस पुसला. वर त्याला सांगितलं की आता रोलबॅक होणार नाही, म्हणजे मागच्या स्थितीत परत जाता येणार नाही. प्रत्यक्षात जाता येत होतं. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘डेटाबेस उडवायचा आणि मग रोलबॅक होत नाही म्हणायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती. पोरगं हुशार आहे.’

पण तिथेच थांबलो तर ते सोयीचं हसणं होईल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, छोटं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हीट (भट्टीतून एका वेळी ओतलेला धातू) नंबर, ग्रेड, वजन, कुठल्या हीटचा किती माल रिजेक्ट झाला, एवढंच. मालकांचा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. त्याने एका संध्याकाळी एआयकडून तसंच ॲप बनवून घेतलं. मालकांनी मला बोलावून मोबाइल पुढे केला. ‘बघ की रे. ह्यानं फुकटात केलंय. तू वर्षाला पैसे घेतोस.’

ॲप माझ्या सॉफ्टवेअरपेक्षा देखणं होतं. तेवढ्यात रात्रपाळीचे सुपरवायझर मामा रजिस्टर घेऊन आले. त्यांची पाळी रात्री दहाला सुरू होते आणि पहाटे तीनला ओतलेली हीटसुद्धा आदल्याच तारखेला लिहितात, आधीपासूनची रीत आहे. ॲपने घड्याळ बघून बाराला तारीख पालटली होती. एका पाळीच्या हीट दोन दिवसांत वाटल्या गेल्या. मामांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, ‘ही रिजेक्शन माझ्या नावावर कशी काय? हा माल माझा नव्हंच.’ मालक हसले. कास्टिंग वरून गुळगुळीत असतं, मशीनवर चढवलं की ब्लोहोल, म्हणजे आतली हवेची पोकळी, दिसतो, असं म्हणाले.

यातला दुसरा भाग सांगायलाच हवा. पुतण्याने एआयला पाळीची रीत सांगितली आणि दोन मिनिटांत ते दुरुस्त झालं. मला तेवढ्या वेळात लॅपटॉपही उघडून झाला नसता. मग गिऱ्हाइकांची यादी निघाली. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हापासून तीच पार्टी इंग्रजी स्पेलिंगच्या तीन तऱ्हांनी तीनदा नोंदलेली असते आणि येणी तिघांत विभागलेली. त्यातली कुठली पार्टी एकच आणि कुठल्या दोघा भावांच्या वेगळ्या, हे एआयला सांगायला अकाउंटवाल्या काकूच लागल्या. काम माझ्याकडेच राहिलं. वर्षाचे पैसे मात्र थोडे उतरले.

म्हणून एआयच्या बातमीवर हसताना आम्ही हसतो ते स्टेजवरच्या दाव्याला. ‘सहा महिन्यांत प्रोग्रॅमर लागणारच नाहीत’ असं सांगणाऱ्याने एकदा उद्यमबागेत येऊन रात्रपाळीच्या मामांकडून रिक्वायरमेंट घेऊन दाखवावी. साधनाला हसत नाही, ते तर आम्हीच दिवसभर वापरतो. आमच्यातला एक कन्नड मित्र अशा प्रत्येक दाव्यावर एकच शब्द टाकतो, ‘नोडोण’, म्हणजे बघूया. त्याच्या टीममध्ये यंदा फ्रेशर घेतलेले नाहीत, हेही त्यानेच सांगितलं.

तेव्हा भीती वाटते का, तर वाटते. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास काम करा म्हटलं, तेव्हा आमच्याकडे दिवसभर धुमाकूळ होता (‘त्यातले ४० मीटिंगमध्ये धरायचे का?’ हा सगळ्यात सभ्य विनोद). जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांच्या ९० तासांवर तर बायकांनीही मीम पाठवली. पण जुलै २०२५ ला टीसीएस सुमारे १२,००० लोक, म्हणजे दोन टक्के, कमी करणार असं आलं, त्या संध्याकाळी ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, रेझ्युमे कुणाकडे पाठवू? लगेच तीन-चार जणांनी आपापल्या एचआरचे नंबर दिले. आमच्या वयाच्या, मधल्या पायरीवरच्या लोकांवर ती कुऱ्हाड जास्त होती. घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाला ‘नोडोण’ म्हणवत नाही.

राहिलं माजाचं. कुणाची नोकरी गेली त्यावर हसणारा प्रोग्रॅमर दिसला तर त्याला खुशाल माजुरडा म्हणा. पण साइट बंद पडल्यावर हसणारा दिसला, तर त्याच्याकडून त्या कंपनीचा अहवाल मागून घ्या. इंग्रजीत असतो, लांबलचक असतो, पण क्लाउडफ्लेअरचे बऱ्यापैकी सरळ लिहिलेले असतात. सुरुवातीचा दिलगिरीचा परिच्छेद सोडून द्या आणि कुठल्या वेळी काय झालं याचा तक्ता असतो, तिथून वाचायला घ्या.