गॅरेज कट्टा : डर्टबाईक विकू, की नटवू?

प्रश्न : दादा नमस्कार. मी फुलेवाडीचा, वय २९, वजन ९२ (तांबडा-पांढरा सुटत नाही, काय करणार). दोन वर्षांमागं पुण्यातल्या एका पोराकडून सुझुकी आरएम-झेड २५० घेतली, २०१८ चं मॉडेल, ३ लाख १० हजाराला. पहिलं वर्षभर कागलकडं मित्राच्या पडीक रानात दर पंधरा दिवसांनी चालवायचो, आता सहा महिने झाले शेडमधे ताडपत्रीखाली उभी आहे. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते पण गरम झाल्यावर बंद पडली की किक मारून मारून घाम फुटतो, उतारावर ढकलली की मात्र लगेच पकडते. आता तीन मतं आहेत. मित्र म्हणतो लाईट-इंडिकेटर लावून रोडचे टायर टाकू, गगनबावड्याला जायला मजा येईल. उद्यमनगरातले एक मिस्त्री म्हणतात बोअर करून (सिलिंडर आतनं कापून मोठा करून) मोठा पिस्टन टाकतो, वर बाहेरचा सायलेन्सर, ७०-८० हजारात गाडी उडेल. आणि वडील म्हणतात विक आणि एक सरळ स्कूटर घे. काय करू?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : भावा, पहिल्यांदा मित्राचं मत निकालात काढूया, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाहीच. ही गाडी सुझुकीनं २०१८ मधे भारतात आणली तीच मुळात ट्रॅकसाठी, दिल्ली एक्स-शोरूम ७ लाख १० हजाराला, आणि रोडसाठीची मंजुरी तिला कधीच नव्हती. त्यामुळं तुम्ही हेडलाईट लावा, हॉर्न लावा, आरसे लावा, पुढं झेंडूची माळ बांधा, एमएच ०९ चा नंबर तिला मिळत नाही. रजिस्ट्रेशन नसलेली गाडी रोडवर चालवणं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ मोडणं, पहिल्या वेळी २ ते ५ हजार दंड, परत सापडला तर १० हजारापर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडाचं सोडा हो, दंड भरून माणूस सुटतो. रजिस्ट्रेशन नाही म्हणजे इन्शुरन्स नाही, आणि गगनबावड्याच्या वाटेवर कळ्याच्या चौकात एखाद्या म्हाताऱ्याला धक्का लागला तर भरपाई कुठली कंपनी देणार नाही, ती तुमच्या घरातनं जाणार. वडिलांना हे सांगितलं तर ते आजच गिऱ्हाईक शोधतील.

आणि समजा पोलीस नाहीत, कायदा नाही, तरी गाडीच त्या कामाची नाही. रेडिएटरला पंखा नाही, चालती हवा लागली तरच पाणी गार होतं, रंकाळ्याच्या सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की उकळी. बुलेटच्या मागच्या चाकात हबमधे रबरं असतात, चेनचा झटका ती गिळतात, इथं ती नाहीत, डांबरावर टायर घसरत नाही त्यामुळं सगळा झटका सरळ गिअरबॉक्सला. इंजिनात तेल लिटरभराच्या आसपास आणि ते दर काही तासांनी बदलायचं. गगनबावडा ५५ किलोमीटर, जाऊन येऊन दोन-अडीच तास एका लयीत पळवायची म्हणजे शर्यतीच्या घोड्याला टांग्याला जुंपण्यासारखं आहे.

आता खरा मुद्दा. तुम्ही विकू का नटवू विचारताय, पण पत्रात मधेच एक ओळ लिहून पुढं निघून गेलाय तीच माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गरम झाल्यावर किकला येत नाही, ढकलली की पकडते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की गाडी न बघताही नव्वद टक्के सांगू शकतो, टॅपेट घट्ट झालेत, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यात जी बारीक फट लागते ती कमी झालीय. या इंजिनात व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत, वजनानं हलके, म्हणून तर ते एवढ्या आरपीएमला फिरतं. पण टायटॅनियम आतनं मऊ असतं, वरती कडक थर असतो पातळ, तो एकदा घासला की व्हॉल्व्ह सीटमधे वर वर सरकत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होतो. इंजिन तापलं की उरलासुरला गॅप पण जातो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. किकनं इंजिन सावकाश फिरतं म्हणून येत नाही, उतारावर जोरात फिरतं म्हणून येतं. एवढंच.

म्हणून पहिलं काम, रात्रभर गार झालेल्या इंजिनाचं झाकण काढून फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चारी व्हॉल्व्हचा गॅप मोजून घ्या, आकडे वहीत लिहा, मॅन्युअलशी ताडून बघा. एकदा शिम (गॅप जुळवायची छोटी चकती) बदलून गॅप बरोबर केला आणि पुढं दहा-बारा तास तसाच राहिला तर ठीक. दोन-तीन तासांत परत घट्ट झाला तर व्हॉल्व्ह संपले, शिमचा खेळ परत करू नका. आणि एक गोष्ट मिस्त्रींना हात जोडून सांगा, व्हॉल्व्ह घासू नका म्हणावं. आपल्याकडं हेड उतरलं की पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची सवय आहे, स्प्लेंडरला ते चालतं, टायटॅनियमला घासलं की तो वरचा थर तुम्ही स्वतःच्या हातानं काढला. नवीन टाकायची वेळ आली तर स्टीलचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या कडक स्प्रिंग असा सेट मिळतो, थोडे जड, रेसवाल्याला नको असतील पण रानात फिरणाऱ्याला उलट बरे, जास्त टिकतात. सीट मात्र नव्यानं कापून घ्यायला लागते.

एअर फिल्टर उघडून बघितलाय का सहा महिन्यांत? कागलच्या रानातली धूळ म्हणजे पावडर आहे नुसती. फोमचा फिल्टर तेलात भिजवलेला पाहिजे, कोरडा असला तर धूळ सरळ आत, आणि व्हॉल्व्हचा तो थर खाणारी ही धूळच असते. फिल्टर काढा, आतल्या रबरी नळीत पांढरं फडकं फिरवा. मळकट आलं तर तुमच्या गाडीचं दुखणं कुठनं सुरू झालं ते कळेल.

आता बोअर आणि मोठा पिस्टन. उद्यमनगराबद्दल मी वाईट बोलणार नाही, आमचं अर्ध आयुष्य तिथल्या लेथच्या आवाजात गेलंय, तिथला माणूस लोणी कापावं तसं लोखंड कापतो. पण माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्याकडं पूर्वी यामाहाची वायझेड १२५ होती, जुनी, टू-स्ट्रोक. सिलिंडरला ओरखडे पडलेले. मी तो उचलून एका वर्कशॉपमधे नेला, त्यांनी शेकडो आरएक्स १०० बोअर केलेल्या, म्हटलं ह्यात काय अवघड. आरएक्सला आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळी, असते, ती पाव एमएम, अर्धा एमएम वाढवत जाता येतं, सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. मोटोक्रॉसच्या, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या मातीतल्या रेसच्या गाड्यांच्या सिलिंडरला तशी स्लीव्हच नसते, अ‍ॅल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाईडचा थर असतो, केसाएवढा जाडीचा म्हणा, पण काचेसारखा कडक. मिस्त्रींचं टूल आधी त्यावर किंचाळलं, मग धार गेली, नवीन टूल लावलं, मग थर गेला आणि खाली चकचकीत अ‍ॅल्युमिनियम दिसायला लागलं. ते म्हणाले, "बघा कसा आरसा झालाय." मीपण बोट फिरवून खूश. तसाच पिस्टन टाकला आणि शेतात तिसऱ्या फेरीत गाडी जाम, मागचं चाक लॉक होऊन मी उसात. चूक त्यांची कमी माझी जास्त, मी त्यांना सांगायला पाहिजे होतं हे काय आहे. असा सिलिंडर मोठा करायचा तर त्याला परत नवा थर चढवून घ्यायला लागतो, ते काम सगळीकडं होत नाही, बाहेरगावी पाठवायला लागतो. स्लीव्ह ठोकून पण देतात लोक, पण बीड उष्णता तेवढी पटकन सोडत नाही, आणि आधीच पंख्याशिवाय चालणाऱ्या गाडीला ते नको.

आणि अजून ताकद घेऊन करणार काय, हे पण विचारतो, राग मानू नका. २५० चा मोटोक्रॉस फुल्ल थ्रॉटलवर धरून ठेवणारी माणसं अख्ख्या जिल्ह्यात हाताच्या बोटावर असतील. सायलेन्सरनं आवाज वाढतो, मित्रांना ऐकू जातो, तुमचा वेळ कमी होत नाही. फुकटातली गंमत पाहिजे तर सुझुकी या गाडीबरोबर दोन जादा कपलर (वायरिंगला जोडायचे छोटे प्लग) देते, एकानं पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ, दुसऱ्यानं थोडं जाड होतं, प्लग काढायचा प्लग लावायचा, संपलं. ते तुमच्या डब्यात आहेत का बघा. नसतील तर पुण्याच्या त्या पोराला फोन करा, त्यानं ड्रॉवरमधे टाकलेले असणार.

खर्चच करायचा आहे तर एकाच ठिकाणी करा, स्प्रिंग. कंपनीनं स्प्रिंग बसवलेत ते साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला धरून, तुम्ही ९२, वर हेल्मेट बूट धरून शंभराच्या पुढं. घरी मोजून बघा. गाडी स्टँडवर उचलून मागच्या अ‍ॅक्सलपासून फेंडरवर एक खूण करा तिथंपर्यंतचं अंतर घ्या, मग सगळं अंगावर चढवून गाडीवर बसा, दोघांनी धरा, परत तेच अंतर घ्या. दोन्हींतला फरक १०० मिमीच्या आसपास पाहिजे. तुमचा १२५-१३० येईल बघा, म्हणजे गाडी मागं बसलीय, पुढचं चाक हलकं, वळणावर सुटतं, आणि तुम्ही म्हणताय मला चालवता येत नाही. वजनाप्रमाणं मागची-पुढची स्प्रिंग, फोर्कचं तेल आणि सील, एवढं केलं की गाडी वेगळीच वाटते. सायलेन्सरच्या पैशात होतं हे.

आता ठेवू की विकू. यावर मी एकच विचारतो, कागलचं रान अजून आहे का? पत्रात तुम्ही सहा महिने का उभी आहे ते लिहिलंच नाही. मित्रानं रानात ऊस लावला असेल, किंवा तुमची नोकरी बदलली असेल, किंवा लग्न ठरलं असेल, तर नटवून नटवून ती शेडमधेच नटणार. हुपरीकडं रेसिंगचा ट्रॅक आहे पण तो डांबरी, तुमच्या टायरचं तिथं काम नाही. मसाई पठारावर वगैरे घालायचा विचार तर डोक्यातनंच काढा, फुलांची जागा आहे ती. महिन्यातनं दोनदा चालवायला हक्काची माती असेल तर टॅपेट, फिल्टर, स्प्रिंग करा आणि ठेवा. नसेल तर विका, आणि मला पत्र वाचून वाटतंय की नाही आहे.

विकताना सायलेन्सर, ग्राफिक्स, रंगीत हँडल यावर एक रुपया घालू नका, परत येत नाही तो. घेणारा जाणकार असेल तर तो ओरिजिनल पार्टच मागतो. टॅपेट मात्र करून विका, आणि आकडे लिहिलेली ती वही गिऱ्हाईकाला दाखवा, ती हजार स्टिकरांपेक्षा जास्त बोलते. तो यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका, जाणकार माणूस आल्या आल्या इंजिनाला हात लावून बघतो, गरम लागलं की त्याला संशय येतो. उलट गार असताना त्यालाच किक मारायला द्या, मग दहा मिनिटं चालवून बंद करून परत मारायला द्या. किती तास चालली ते आता अंदाजानं सांगताय, दोन वर्षांमागं अवर मीटर लावला असता तर बरं झालं असतं, असो.

कागद. आरसी नसल्यामुळं या गाडीला बिल हेच सगळं. शोरूमचं मूळ बिल, त्यावर चेसिस नंबर, मग पुण्याच्या पोरानं तुम्हाला दिलेली पावती, आणि तुम्ही पुढच्याला स्टँपपेपरवर लिहून देणार ते. त्या कागदात "रस्त्यावर चालवण्यासाठी नाही" हे वाक्य स्पष्ट घाला आणि घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स ठेवा, उद्या त्यानं ती रोडवर घातली तर फोन तुम्हाला येऊ नये. गिऱ्हाईक कोल्हापुरात शोधत बसू नका, इथं तीन जण बघायला येतील, दोन फोटो काढतील, एक म्हणेल एक लाखाला देतोस का. पुणे, गोवा, बंगळुरू बघा. बंगळुरूजवळ कोलारला डर्टबाईक रेसर सी. एस. संतोषचा बिग रॉक डर्टपार्क आहे, त्या बाजूला शिकणारी पोरं भरपूर आणि चालवायला जागा पण. ३ लाख १० हजार परत मिळतील असं मात्र धरू नका, दोन वर्षं मजा केलीय ना.

प्रश्न : मला चिखलात चालवायला शिकायचंय, रोज इचलकरंजी-कोल्हापूर कामाला पण जायचंय. बजेट दीड लाख. सेकंडहँड मोटोक्रॉस घेऊ का जुनी हिरो इम्पल्स घेऊन तिला मॉडिफाय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वरचं पत्र वाचलं असेल तर मोटोक्रॉसचा विषय संपला, रोज कामाला जायचंय तुम्हाला. इम्पल्स २०११ ची गाडी, १५० सीसी, सरळ आणि चिवट, पण आता पार्टसाठी हिंडायला लागतं. मी म्हणेन सेकंडहँड एक्सपल्स २०० बघा, २०१९ पासून आहे, पार्ट कुठंही मिळतात, आरसी आहे, इन्शुरन्स आहे. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मॉडिफिकेशन पहिल्या वर्षी फक्त तीन, चांगले टायर, हँडगार्ड, इंजिनखालची प्लेट. २०२३ ला आलेल्या प्रो मॉडेलला पुढच्या सस्पेन्शनला २५० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली व्हायची जागा) आहे पण सीट ८९१ मिमी उंच, तुमची उंची लिहिली नाही तुम्ही. शोरूममधे एकदा बसून बघा, दोन्ही पायांचे चवडे टेकतात का, आणि मग कळवा.