बँक गायकवाडांची की सरकारची?

प्रश्न : बँक ऑफ बडोदामध्ये आजही राजघराण्याची मालकी आहे, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. खरं काय? राजघराण्यातला उमेदवार निवडणुकीला उभा राहिला तर त्याची संपत्ती कुठे पाहावी?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बँक बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने 20 जुलै 1908 रोजी, बडोदे संस्थानच्याच कंपनी कायद्याखाली सुरू झाली. भरणा झालेलं भांडवल 10 लाख रुपये. 19 जुलै 1969 रोजी ज्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यांत ती होती. तेव्हापासून बहुसंख्य मालकी केंद्र सरकारची. खात्री शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर करा. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत भागधारणेचा तक्ता तिथे येतो. त्यात ‘प्रवर्तक’ (प्रमोटर) या रकान्यात भारताचे राष्ट्रपती, म्हणजेच केंद्र सरकार, दिसतील. एक टक्का किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्या इतर भागधारकांची नावंही असतात.

उमेदवारासाठी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचं नमुना 26 मधलं शपथपत्र उघडा. स्वतः, जोडीदार, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब असे वेगळे रकाने असतात. वाचक बहुधा फक्त एकूण आकडा पाहतात आणि तिथेच फसतात. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर पुस्तकी किमतीने, म्हणजे हिशेबाच्या वह्यांत नोंदलेल्या किमतीने, दाखवले जातात, म्हणून जुन्या जमिनी कंपनीच्या नावावर असल्या तर आकडा फारच लहान दिसू शकतो. न्यासाची (ट्रस्टची) मालमत्ता तर बहुधा उमेदवाराची गणलीच जात नाही. तेव्हा कंपन्यांची नावं टिपून त्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून काढा.