मूळ चित्र आणि फोटो यांत नेमका फरक काय?

मोबाइलवर झूम करून चित्र इतकं स्वच्छ दिसत असताना मूळ चित्रासमोर जाऊन वेगळं काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते मिळतो तो पृष्ठभाग. फोटोत एका जागेवरून, एकाच उजेडात दिसलेलं गोठतं. रंगाचा थर मात्र तुम्ही दोन पावलं सरकलात की बदलतो.

अल्ट्रामरीन निळ्याची कोरडी पूड बघा, डोळे दिपतात. तीच जवसाच्या तेलात घोटली की काळपट होते. तेल आणि पुडीचे कण यांचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) जवळजवळ सारखा असल्यामुळे प्रकाश कणांवरून विखुरत नाही, आत शिरतो. खडूचंही तसंच: सरसात पांढराशुभ्र, तेलात जवळपास पारदर्शक. म्हणजे रंगद्रव्य तेच, पण ते कशात कालवलंय यावर दिसणं ठरतं. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाईन नेमका याच्याच मागे लागला. पुडीचा कोरडेपणा न मारणारं कृत्रिम रेझिन (पूड धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) त्याने एका रंगविक्रेत्याच्या मदतीने मिळवलं आणि १९६० मध्ये त्या मिश्रणाची रीतसर नोंद केली. त्या निळ्याला चकाकी नाही, त्यामुळे नजरेला टेकायला जागा सापडत नाही. पृष्ठभाग हाताच्या अंतरावर आहे की खूप आत, तेच कळेनासं होतं. स्क्रीनवर तो नुसता निळा चौकोन. खरं सांगायचं तर कंटाळवाणा.

पिएर सुलाज या फ्रेंच चित्रकाराचं उलट. १९७९ पासून तो बहुतेक काळ्यातच रमला: जाड थर, त्यात ओढलेल्या खाचा. खाचांवर उजेड पडला की तोच काळा कुठे रुपेरी, कुठे करडा दिसतो. त्याच्या चित्राचा फोटो म्हणजे फोटोग्राफरने दिवा कुठे ठेवला याची माहिती, इतकंच.

स्पर्शाचं जरा निराळं आहे. इटालियन शिल्पकार बर्निनीच्या १६२१-२२ च्या संगमरवरी शिल्पात पाताळाचा रोमन देव प्लूटो प्रोसर्पिना या देवीला पळवून नेतोय, आणि त्याची बोटं तिच्या मांडीत रुततात. दगड आहे हे माहीत असूनही हाताला मऊपणा जाणवतो. मेरेट ओपनहाइम या चित्रकर्तीने १९३६ मध्ये कप, बशी आणि चमच्याला केसाळ कातडं चढवलं. ते बघताच ओठांवर केस आल्यासारखं होतं, आणि हो, फोटो बघूनही होतं! इथे तुमचा मुद्दा मला मान्य आहे. केसाळ कातडं आपल्या ओळखीचं असतं, म्हणून आठवणीतला स्पर्श फोटोतूनही जागा होतो. उजेडाचा खेळ मात्र आठवणीतून भरून काढता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आधी चित्राच्या बाजूला उभं राहून कडेने तिरकं बघा. ब्रशचे फराटे, नाइफने खरवडलेली जागा, पातळ रंगाखालून डोकावणारी कॅनव्हासची वीण, सगळं तिथून दिसतं. चित्रावर काच असेल तर यातलं बरंच जातं. मला त्या काचेचा राग येतो, पण जतन करणाऱ्यांशी यावरून भांडण्यात अर्थ नाही.