भटकी नस, विजेचा झटका आणि सांध्यांची सूज

आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) उपचारांवर मागे लिहिताना व्हेगस नसेचा, म्हणजे मेंदूपासून गळ्यातून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेचा, उल्लेख ओझरता केला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले चार घेतो.

गळ्यातल्या नसेला वीज दिली तर बोटांची सूज कशी उतरेल? मला तरी पटत नाही. (निवृत्त शिक्षिका, सांगली)

न पटणं साहजिक आहे, बाई. ज्यांना हे सापडलं तेही चक्रावलेच होते. न्यूयॉर्कजवळ मॅनहॅसेटला केविन ट्रेसी हे न्यूरोसर्जन १९९०च्या दशकात दाह कमी करणारं एक औषध प्राण्यांवर तपासत होते. ते मेंदूत अगदी थोडं टोचलं, तर मेंदूबाहेर, अख्ख्या शरीरातलं टीएनएफ खाली आलं. टीएनएफ म्हणजे दाह भडकवणारं प्रथिन. आमवाताची महागडी इंजेक्शनं ज्याला अडवतात तेच हे. एवढ्याशा औषधाने रक्तातून जाऊन इतकं काम करणं शक्य नव्हतं. मग निरोप नेला कोणी? व्हेगस कापून पाहिली आणि परिणाम गायब झाला.

पुढे २००० साली त्यांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचं विष दिलं आणि व्हेगसला विजेचे स्पंद दिले. टीएनएफ कमी बनलं, रक्तदाबही कोसळला नाही.

लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. मेंदूच्या बुडापासून निघून गळा, हृदय, फुप्फुसं, आतडी असा तिचा फेरफटका असतो. दाहाच्या बाबतीत तिचा संदेश पानथरीपर्यंत (प्लीहेपर्यंत) पोचतो. तिथे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या काही टी पेशी ॲसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन सोडतात, आणि ते मिळालं की टीएनएफ बनवणाऱ्या मॅक्रोफेज पेशी हात आखडता घेतात. (हेच ॲसिटिलकोलीन १९२१ मध्ये ऑटो लोवी यांना बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगात सापडलं, तेही व्हेगसमुळेच.) मात्र व्हेगसपासून पानथरीपर्यंतचा नेमका रस्ता कोणता, यावर अजून भांडण आहे. मेलबर्नच्या संशोधकांच्या मते हा निरोप व्हेगस नेतच नाही, पोटाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसा (व्हेगसहून वेगळं जाळं) नेतात. दोन्ही बाजूंचे प्रयोग चांगले आहेत, त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या सुबक आकृतीवर मी तरी पूर्ण विसंबत नाही.

अमेरिकेतल्या चाचणीत सगळ्यांच्या गळ्यात यंत्र बसवलं, पण निम्म्यांचं चालूच केलं नाही म्हणे. ही रुग्णांची फसवणूक नाही का? (वाचक, पुणे)

फसवणूक नाही. आपलं यंत्र बंदही असू शकतं हे सहभागी होतानाच प्रत्येकाला सांगितलेलं असतं आणि त्यावर त्यांची सही असते. पण असं करावंच का लागतं, हा प्रश्न मोलाचा आहे.

आमवात स्वतःहून चढतो, उतरतो. माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुधा चढाच्या काळात, म्हणजे नंतर थोडं बरं वाटणारच. शिवाय ऑपरेशन झालंय, नवं यंत्र बसलंय, ही भावना वेदना बरीच कमी करते. २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १७ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी फिटांच्या आजारावर वापरतात तेच यंत्र घेतलं होतं. ते सुरू केल्यावर टीएनएफ उतरलं, सांधे सुधारले. दोन आठवडे बंद ठेवल्यावर आजार परत डोकं वर काढू लागला, चालू केल्यावर पुन्हा दबला. माझ्या मते हा त्यातला सर्वांत बोलका भाग. तरीही यंत्र कधी चालू, कधी बंद हे रुग्णांना ठाऊक होतं, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नव्हतं.

म्हणून ही मोठी चाचणी झाली, २४२ रुग्णांवर. जैविक औषधांचा (वरच्या महागड्या इंजेक्शनांसारख्या) गुण न आलेले किंवा ती न सोसलेले हे लोक. यंत्र गळ्याच्या डाव्या बाजूला, दिवसातून एकदा एक मिनिट चालणारं. बारा आठवड्यांनी किमान २० टक्के सुधारणा कितींमध्ये दिसली? यंत्र चालू असलेल्यांपैकी ३५.२ टक्क्यांमध्ये आणि बंद असलेल्यांपैकी २४.२ टक्क्यांमध्ये. हा दुसरा आकडा नीट बघा. काहीही न करणाऱ्या यंत्राने जवळजवळ चौथा हिस्सा रुग्ण सुधारले! खरी कमाई म्हणायची ती शंभरात अकरा जणांची. बारा आठवड्यांनंतर बंद यंत्रंही चालू केली गेली आणि पुढे आकडे वाढले, पण तेव्हा तुलनेला कोणी उरलं नव्हतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच यंत्राला मंजुरी दिली.

आणखी एक अडचण विजेच्या सगळ्याच चाचण्यांत असते. व्हेगसची एक फांदी स्वरयंत्राला जाते, त्यामुळे स्पंद सुरू असताना काहींचा आवाज घोगरा होतो किंवा गळ्यात मुंग्या येतात. मग आपलं यंत्र चालू आहे हे रुग्ण ओळखू शकतो. गोळीच्या चाचणीत ही भानगड बहुधा कमी असते.

कानाला लावायची व्हेगस क्लिप ऑनलाइन मिळते. आईचे गुडघे आणि बोटं सुजलेली असतात. घेऊ का? (आयटी अभियंता, ठाणे)

घाई करू नका. व्हेगसची एक बारीक शाखा कानाच्या खळग्यात येते, हे खरं. ल्युपस या सांधे दुखवणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या १८ रुग्णांवर चार दिवस, रोज पाच मिनिटं असा छोटा प्रयोग झाला. त्यात दुखणं आणि थकवा कमी झाला, आणि जाहिराती त्याचाच हवाला देतात. आमवाताच्या शंभराहून अधिक रुग्णांवर बारा आठवडे कानाचं खरं आणि लटकं यंत्र ताडून पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जाहिरातीत हे वाचलंय कधी?

तुमच्या आईला नक्की आमवात आहे की झीज, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तज्ज्ञांकडून तेवढं ठरवून घ्या. पेसमेकर असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर असल्या क्लिपला हातही लावू नका.

भ्रामरी केल्याने व्हेगस जागी होते ना? मग मेथोट्रेक्सेट बंद करू का? (वाचक, कोल्हापूर)

भ्रामरी जरूर करा. संथ श्वासाने, मिनिटाला सहाच्या आसपास, हृदयाच्या ठोक्यांतला चढउतार वाढतो. त्यात व्हेगसचा हात असतो आणि मन शांत होतं. पण ठोक्यांचा चढउतार वाढला म्हणून सांध्याच्या अस्तरातला दाह उतरला, असं होत नाही.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध मनाने बंद करू नका. वर सांगितलेल्या चाचणीतही गळ्यात यंत्र असताना नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. औषधाने मळमळतं म्हणून सोडायचं मनात असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मात्रा बदलता येते, गोळीऐवजी इंजेक्शन देता येतं. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी घेताय ना, तेही विचारून घ्या.