स्कॅनला पैसे भरा, पण त्याआधी ती पॉलिसी रद्द करा

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांच्या मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनआधी सर्जन अमिनो अ‍ॅसिड पेट स्कॅन सांगतायत, एमआरआय झालाय, तरी त्यासाठी एफडी मोडायची का? मोडा. एमआरआयमध्ये उजळलेल्या भागाच्या बाहेरही ग्लायोमाच्या (मेंदूतल्याच पेशींपासून होणाऱ्या गाठीच्या) पेशी असू शकतात, आणि पेट स्कॅनआधी टोचतात तो साखरेचा नेहमीचा ट्रेसर (स्कॅनमध्ये दिसणारं किरणोत्सर्गी द्रव्य) मेंदूत फारसा उपयोगी पडत नाही, कारण निरोगी मेंदूच एवढी साखर ओढतो की गाठ त्यात नीट उठून दिसत नाही. अमिनो अ‍ॅसिड मात्र गाठच जास्त ओढते, त्यामुळे कडा कळते आणि ते चित्र सर्जनच्या नेव्हिगेशनवर (ऑपरेशनमध्ये जागा दाखवणाऱ्या यंत्रणेवर) चढवता येतं. वेळ तेवढी चुकवू नका, ट्रेसरमधला किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, तुमच्यासाठी ठेवून देता येत नाही. खर्च तुमच्याच हिशोबाने अर्धा पगार.

मला काळजी आहे ती तुम्ही लिहिलेल्या शेवटच्या ओळीची. पहिली फिट आल्यावर ओळखीच्या एजंटने विमा-कम-गुंतवणूक पॉलिसी गळ्यात मारली, वर्षाचा हप्ता पाच पगार, फॉर्मवर ‘आजार नाही’ असं त्यानेच भरलं आणि मिस्टरांनी सही केली. अहो, क्लेम आला की कंपनी आधी हॉस्पिटलचे कागद मागवते! फिटची तारीख दिसली की क्लेम बहुतेक नाकारणार. म्हणजे दहा स्कॅनचे पैसे भरून कव्हर शून्य. आजारी माणसाच्या घरी जाऊन असं विकणाऱ्याचा मला भयंकर राग येतो.

पॉलिसी हातात येऊन आठवडाच झालाय ना, मग फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागायची, मुदत बहुतेक शिल्लक असेल, पॉलिसीतच दिवस छापलेले असतात. रद्द करायचा अर्ज थेट कंपनीकडे द्या, एजंटकडे नको, आणि पोच घ्या. सही मिस्टरांची लागेल, गाठ बोलण्याच्या भागाजवळ आहे म्हणता, ऑपरेशननंतर काही दिवस बोलणं-लिहिणं जड जाऊ शकतं, म्हणून हे आधीच उरका.

आणि ‘दोन महिन्यांत कामावर जातील’ हे धरून चालू नका. स्कॅन कितीही चांगला असला तरी ग्लायोमाची प्रत्येक पेशी काढता येत नाही, हाय-ग्रेड, म्हणजे वेगाने वाढणारा, निघाला तर रेडिएशनच साधारण सहा आठवडे, केमो त्याच्याही पुढे. एफडी आठ पगारांची, स्कॅन वजा जाता साडेसात, घरखर्च पगाराच्या 60 टक्के, म्हणजे जेमतेम वर्षभर. ते पाच पगार परत आले तर पावणेदोन वर्षं, उपचारांचा खर्च त्यातूनच जाईल. जुन्या हेल्थ पॉलिसीत ऑपरेशनआधीच्या तपासण्या बसतात का तेही डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी विचारा, पण स्कॅन त्या उत्तरासाठी थांबवू नका.